नाशिकमध्ये स्टडी ग्रुप चालवायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) जवळ आली की ज्युनियर्सचे तेच तेच मेसेज सुरू होतात, ताई ग्रुप कसा करायचा, ताई कुठे बसायचं, ताई आमच्या ग्रुपमध्ये नुसता टाइमपास होतो. प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतेय. मी इंजिनिअरिंगवाली, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण धाकटा भाऊ सीए करतोय आणि मामेबहीण एमपीएससीला बसलीये, त्यामुळे त्यांच्याकडचंही थोडं येईल.

एकट्याने नीट अभ्यास होत असेल तरी ग्रुप करायचा का?

होत असेल तर नका करू. खरंच. सगळे करतात म्हणून केलेला ग्रुप पहिल्या १५ दिवसांत गळतो.

ग्रुपचा खरा उपयोग एकच, तो म्हणजे आपल्याला जे येतं असं वाटतं ते खरंच येतंय का हे चारचौघांत कळतं. घरी नोट्स वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपण समजतो झालं, आलं. यावर रोडिगर आणि कार्पिकी या दोघा अमेरिकन संशोधकांचा २००६ चा प्रयोग आहे. एकाच उताऱ्याचा अभ्यास करून काही विद्यार्थ्यांनी तो परत वाचला, बाकीच्यांनी परत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. ५ मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. आता आपण सगळे आदल्या रात्री काय करतो? परत वाचतो. आणि एंड-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, युनिट तीन कोरा.

एकट्याने आठवून लिहायला कंटाळा येतो, कोणी बघत नसतं, मग हळूच पान उलटलं जातं. समोर तीन जण बसलेत म्हटल्यावर पान उलटता येत नाही, ग्रुपची सगळी किंमत तिथे आहे.

म्हणजे ग्रुपमध्ये बसून अभ्यास करायचाच नाही?

पहिल्यांदा वाचायचं ते घरी, एकट्याने. ग्रुपमध्ये यायचं ते वाचलेलं तपासून घ्यायला. हे एवढं एक नीट कळलं तर खालचे निम्मे प्रश्न वाचायची गरज नाही.

हे माझ्या मनाचं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा माणूस होता, त्याला प्रश्न पडला की कॅल्क्युलसमध्ये चिनी वंशाची पोरं पुढे आणि कृष्णवर्णीय पोरं मागे असं का, मेहनत तर दोघंही करतायत. तो जाऊन त्यांच्याबरोबर राहून बघत बसला. कृष्णवर्णीय पोरं इमानदारीत पण एकेकटी अभ्यास करायची, आपण कुठे अडकलोय ते दुसऱ्याला कळायचंच नाही. चिनी पोरं आधी एकटी बसून गणितं सोडवायची आणि संध्याकाळी एकत्र जमायची, कधी जेवण पण एकत्र बनवायची, मग एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायची, एकमेकांचं इंग्लिश सुद्धा दुरुस्त करायची. एखादा मोठा भाऊ येऊन मध्येच प्रश्न विचारून जायचा. ट्राइसमनने मग तशाच वर्कशॉप सुरू केल्या, गणितं मुद्दाम अवघड ठेवली, आणि त्यात आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल चांगलेच सुधारले.

आधी एकटे, मग एकत्र. आपल्याकडे बहुतेक ग्रुप उलटं करतात, एकत्र बसून पहिल्यांदा पुस्तक उघडतात आणि मग म्हणतात ग्रुप स्टडीने काही होत नाही.

किती जण असावेत?

चार. तीन चालतात, पाच पण चालतात, सहावा आला की दोन ग्रुप होतात, एक अभ्यास करणारा आणि एक कोपऱ्यात मोबाइल दाखवणारा. दोघांत अडचण अशी की एक आजारी पडला की बंद.

रिंगलमन नावाच्या फ्रेंच शेती-इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वीच माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं, माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. १९७९ मध्ये लाटाने नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या साथीदारांनी टाळ्या आणि ओरडण्यावर तेच करून बघितलं, तेच निघालं, आणि तेव्हापासून त्याला सोशल लोफिंग म्हणतात. आपल्या भाषेत कामचोरी, पण मुद्दाम केलेली नाही, गर्दीत आपोआप होते. त्यामुळे आठ जणांचा ग्रुप करून मग कोणी सिरियस नाही म्हणून रडू नका.

बेस्ट फ्रेंड्सना घ्यायचं की टॉपरला?

दोन्हीची जबरदस्ती नको. टॉपर आला की बाकीचे श्रोते होतात, तो पण दोन आठवड्यांत वैतागतो कारण त्याला यातून काही मिळत नाही. जवळचे मित्र असतील तर 'तुला हे येत नाहीये' असं तोंडावर बोलायला जीव होत नाही, आणि नेमकं तेच बोलायचं असतं.

मी बघते ते दोन गोष्टी. वेळेवर येतो का, आणि 'मला नाही कळलं' असं म्हणायला लाजतो का. मार्क साधारण आसपासचे असले की बरं, विषय मात्र वेगवेगळे पक्के असावेत, एकाचं मॅथ्स बरं, एकीचं ड्रॉइंग, एकाचं थिअरी लिहायचं अक्षर तरी बरं.

आणि होस्टेलवर राहणारा एक तरी असू द्या. त्याला घरी पाहुणे येत नाहीत.

नाशिकमध्ये बसायचं कुठे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, कारण बोलत अभ्यास करता येईल अशी जागाच मिळत नाही.

अभ्यासिका विसरा. गंगापूर रोड, कॉलेज रोड, अशोकस्तंभ, सिडको, कुठेही गेलात तरी गल्लीगल्लीत अभ्यासिका आहेत, पण तिथला नियम म्हणजे शांतता, पेन पडला तरी चार माना वर होतात. एमपीएससीवाले तिथे सकाळपासून ठाण मांडून असतात, त्यांना त्रास देऊ नका. सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचंही तेच. १८४० पासूनचं वाचनालय आहे, पुस्तकं संदर्भाला घ्यायला जावं, वाद घालायला नाही. पण एक आयडिया आहे, आधी दोन तास अभ्यासिकेत आपापलं वाचायचं आणि मग उठून चहाच्या टपरीवर नाहीतर जवळच्या एखाद्याच्या घरी जाऊन तासभर बोलायचं. एकटं आणि एकत्र दोन्ही एकाच चकरेत होतं.

कॉलेज सुटल्यावर रिकामा क्लासरूम मिळत असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फळा मिळतो. शिपाई काकांना आधी विचारा, एचओडींची परवानगी लागते का ते बघा, आणि निघताना पंखे बंद करून फळा पुसून जा, पुढच्या वेळी तेच काका स्वतःहून कुलूप उघडतात.

कॉलेज रोडचे कॅफे दिसायला भारी, पण तिथे तासातासाला काहीतरी मागवावं लागतं, म्युझिक असतं, आणि क्लासमधलं अर्ध पब्लिक तिथेच फिरत असतं. गोदापार्कला संध्याकाळी छान वाटतं, तोंडी प्रश्नोत्तरांना चालतं, लिहायला बसलात की डास.

घर असेल तर आजी-आजोबा दुपारी झोपतात ती वेळ सोडून. सोसायटीचा हॉल किंवा टेरेस मिळाला तर उत्तम, फक्त जानेवारीत संध्याकाळी टेरेसवर बसायचा हट्ट नको, आपल्याकडची थंडी माहितीये, बोटं वळत नाहीत तिथे इंटिग्रेशन काय करणार.

जागा ठरवताना नकाशा बघू नका, बस बघा. एक नाशिकरोडचा, एक सातपूरची, एक आडगावचा असला की सगळ्यांना मध्ये पडतं ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) किंवा शालिमारच्या आसपास. पंचवटीतला म्हणतो माझ्या घरी या, पण द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये कोणाचे किती वाजतील सांगता येत नाही आणि आता सिंहस्थाची कामं आहेतच. चालत किंवा एका सिटीलिंक बसमध्ये पोचता आलं पाहिजे, बस बदलावी लागली की तो मेंबर महिन्याभरात गळाला समजा.

किती वेळ आणि आठवड्यातून किती वेळा?

दीड ते दोन तास, आठवड्यातून दोनदा, वार आणि वेळ फिक्स. 'जमेल तसं भेटू' म्हणजे भेटणार नाही. रविवार सकाळ कागदावर बेस्ट वाटते पण तेव्हा मिसळीचा प्लॅन निघतोच निघतो, आणि नाशिकमध्ये मिसळ खाऊन आल्यावर ताक पिऊन कोणी थर्मो सोडवलेलं मी तरी बघितलं नाही. मिसळ नंतर ठेवा.

बसल्यावर नक्की करायचं काय?

आता मुद्द्याचं. आमच्याकडे साधारण असं चालायचं.

आल्या आल्या पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. ठरलेल्या टॉपिकवर जे आठवतंय ते कोऱ्या कागदावर प्रत्येकाने लिहायचं, फॉर्म्युले, डायग्राम, काय वाटेल ते. हे आधी एकट्याने करणं महत्त्वाचं आहे, कारण सगळे मिळून आठवायला बसले की एकाच्या बोलण्याने दुसऱ्याची लिंक तुटते आणि वेगवेगळं आठवून एकत्र केलं असतं त्यापेक्षा ग्रुपला मिळून कमीच आठवतं, असं मानसशास्त्रवाल्यांनी पण दाखवलंय. मग कागद मध्ये ठेवायचे. चौघांचे कागद शेजारी शेजारी आले की कुठे काय राहिलं ते शिकवावं लागत नाही, दिसतं.

मग एक जण फळ्यावर. एक खरा प्रसंग सांगते. एसओएमचा (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) सोपा बीम, म्हणजे आडवी तुळई, ६ मीटरची, दोन्ही टोकांना साधी टेकवलेली, डावीकडून २ मीटरवर १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड. मित्राने फटाफट काढलं, डावी रिअॅक्शन ८, उजवी ४, शिअर फोर्स डायग्राम ८ वरून लोडखाली एकदम उणे ४, बेंडिंग मोमेंट लोडखाली ८ गुणिले २ म्हणजे १६ किलोन्यूटन-मीटर, खाली डबल अंडरलाइन. उत्तर बरोबर. परीक्षेत पूर्ण मार्क.

तेवढ्यात एकीने विचारलं, शिअर झिरो क्रॉस करतो तिथेच बीएम (बेंडिंग मोमेंट) मॅक्स का येतो?

तो म्हणाला, असतंच तसं. ती म्हणाली, का असतं? मग पाच मिनिटं नुसती शांतता. कोणालाच येत नव्हतं आणि चौघांनीही असली गणितं ढिगाने सोडवली होती. शेवटी मोमेंटचा स्लोप म्हणजेच शिअर हे वाक्य पुस्तकात सापडलं, मग ट्यूब पेटली, अरे हे तर अकरावी-बारावीचं मॅक्झिमा-मिनिमा आहे, स्लोप प्लस मधून मायनस झाला की तिथे शिखर. त्यानंतर यूडीएल (सारखा पसरलेला लोड) आलं, ओव्हरहँग (टेकूच्या बाहेर गेलेला बीम) आलं, कोणाला पाठ करावं लागलं नाही.

असा एक 'का' एका भेटीत निघाला तरी पैसे वसूल. त्यामुळे फळ्यावरच्याला प्रश्न विचारणं हे बाकीच्यांचं काम आहे, मान डोलावणं नाही. तीन प्रश्न कायम चालतात: का, हे बदललं तर काय होईल, आणि परीक्षेत हे कसं फिरवून विचारतील.

शेवटच्या अर्ध्या तासात जुना पेपर, घड्याळ लावून. ज्यांच्या पॅटर्नला एंड-सेम ७० मार्कांची आणि अडीच तासांची आहे त्यांनी हिशोब करा, १५० मिनिटांत ७० मार्क, म्हणजे मार्काला साधारण दोन मिनिटं. ९ मार्कांचा प्रश्न १८-१९ मिनिटांत बसतो का ते घरी कधीच कळत नाही, घरी आपण मध्ये पाणी प्यायला उठतो. सोडवून झाला की वही शेजारच्याला द्या, त्याने लाल पेनने तपासायची. मित्र तपासतो तेव्हा युनिट लिहिलं नाही म्हणून मार्क कापतो आणि ते डोक्यात राहतं.

सीएवाल्यांचं थोडं वेगळं. भावाच्या ग्रुपमध्ये एकच अॅडजस्टमेंट घेऊन चौघं वेगवेगळी जर्नल एंट्री पास करतात आणि मग भांडतात, भांडण मिटेपर्यंत उत्तर बघायचं नाही असा नियम आहे. आणि एमपीएससीवाल्यांना तर आता हे लागणारच, २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, गोल काळे करून भागत नाही, लिहावं लागतं, आणि स्वतःचं लिहिलेलं स्वतःला नेहमी छानच वाटतं. मामेबहिणीचा ग्रुप रोज एक उत्तर लिहून एकमेकींचं तपासतो. तिच्या पहिल्या उत्तरावर मैत्रिणीने शेरा मारला होता, 'प्रस्तावना संपली तेव्हा पान संपलं.'

सिलॅबस वाटून घेतला तर? एकाने एक युनिट करायचं आणि बाकीच्यांना शिकवायचं?

ऐकायला मस्त, चौघांचं काम चौथाईवर. यात फसगत अशी की जो युनिट करतो त्याला ते पक्कं येतं आणि बाकीच्यांना ऐकल्यासारखं येतं. चार युनिटांपैकी तुम्हाला खरं येतं ते एकच.

वाटून घ्यायची एक चांगली पद्धत आहे, जिगसॉ म्हणतात, इलियट अॅरन्सनने १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. तिथे गोऱ्या, काळ्या, मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि रोज मारामाऱ्या चालू होत्या. त्याने प्रत्येकाला धड्याचा एक तुकडा दिला, म्हणजे पूर्ण धडा कळायला प्रत्येकाची गरज पडली. पण नीट बघा, शेवटी टेस्ट सगळ्यांची सगळ्या धड्यावर होती. आपण हा शेवटचा भाग सोयीने विसरतो.

त्यामुळे वाटून घ्यायचंच असेल तर वाचन वाटू नका, प्रश्न काढणं वाटा. युनिट सगळ्यांनी वाचायचं, पण युनिट तीनवर दहा प्रश्न काढून आणायची जबाबदारी एकाची. चांगला प्रश्न काढायला उत्तर देण्यापेक्षा जास्त कळावं लागतं, करून बघा.

एक जण कधीच वाचून येत नाही. मित्र आहे, बोलणार कसं?

बोलूच नका, पद्धत अशी ठेवा की बोलायची वेळ येणार नाही. वर सांगितलेला कोरा कागद हेच काम करतो, ज्याने वाचलं नाही त्याचा कागद कोरा मध्ये पडतो आणि त्याला स्वतःलाच कसंतरी होतं. आम्ही एक ठेवलं होतं, वाचून आला नाहीस तरी ये, पण आज तू प्रश्न विचारणार आणि चहा आणणार, उत्तरं द्यायची नाहीत. लोकांना चहा आणायला लाज वाटत नाही, गप्प बसायला लागतं त्याचा त्रास होतो.

सलग तीनदा झालं तर मात्र एकट्याला बाजूला घेऊन सरळ सांगा. ग्रुपवर टाकू नका. आणि आधी विचारा की घरी काही आहे का, कारण बऱ्याचदा असतं, कोणी सकाळी अंबडला शिफ्ट करून कॉलेजला येत असतो, कोणाच्या घरी द्राक्षांची छाटणी चालू असते. अशाला काढायचं नाही, त्याचा टॉपिक पुढच्या भेटीला ढकलायचा.

आणि एकच जण सारखा बोलत असेल तर?

त्याच्या हातातून खडू काढून घ्या. मजा नाही करत, खरंच, खडू ज्याच्या हातात तोच बोलणार असा नियम करा आणि खडू दर प्रश्नाला फिरवा. बोलका माणूस वाईट नसतो, त्याला फक्त शेवटचा नंबर द्या.

आम्ही मराठी मीडियमचे, ग्रुपमध्ये इंग्लिशमध्ये बोलायचं का?

समजून घेताना बिनधास्त मराठीत. 'एन्ट्रॉपी वाढते म्हणजे काय होतं रे' याचं उत्तर ज्याला मराठीत देता आलं नाही त्याला ते इंग्लिशमध्ये पण आलेलं नसतं, फक्त पुस्तकातलं वाक्य आलेलं असतं. पण लिहायचं इंग्लिशमध्ये, आणि ते ग्रुपमध्येच, कारण ओरलला एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) समोर बसला की मराठीत सुचतं आणि इंग्लिश तोंडातून निघत नाही. म्हणून शेवटची दहा मिनिटं इंग्लिशमध्ये तोंडी प्रश्न ठेवा. ग्रामर चुकलं तर हसायचं नाही हा एकमेव नियम आमच्याकडे कडक होता. बर्कलीतली ती चिनी पोरं पण हेच करत होती, लक्षात आहे ना.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचा ना?

काढा, पण भेटीची वेळ आणि अडलेले प्रश्न एवढ्यापुरता. पीडीएफ टाकायला बंदी. एका सेममध्ये कोणाच्या तरी कोचिंगच्या नोट्स, सीनियरच्या नोट्स, त्याच नोट्स उलट्या स्कॅन केलेल्या, असं इतकं जमा होतं की डाऊनलोड केलं म्हणजे अभ्यास झाला असं समाधान मिळतं. गुड मॉर्निंगवाल्याला एक वॉर्निंग. प्रश्न टाकताना फोटोबरोबर आपण कुठपर्यंत आलो ते पण टाकायचं, नुसतं 'हे सोडवून दे' चालणार नाही.

ऑनलाइन जमतं का? आमच्यात एक सिन्नरहून आणि एक दिंडोरीहून येते.

जमतं, आठवड्यातली एक भेट ऑनलाइन ठेवा. कॅमेरा चेहऱ्यावर नको, वहीवर ठेवा, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवला की काम होतं. चेहरे बघून काय करायचंय, पेन कुठे थांबतो ते बघायचंय. एसटीचा पास काढून रोज येणाऱ्यांना संध्याकाळची भेट ठेवू नका, त्यांची गाडी चुकली तर पुढची कधी हे त्यांनाच माहीत असतं. मुलींच्या घरचं पण तेच, अंधार पडायच्या आत घरी पोचता आलं तर परवानगीचा प्रश्नच येत नाही, आणि एकदा ग्रुप मुलीच्या घरी बसला, आईने सगळ्यांना बघितलं, पोहे दिले, की पुढे फोन कमी येतात.

सबमिशनच्या फाइली ग्रुपमध्ये कॉपी केल्या तर चालतं का?

सगळे करतात, मी उपदेश करणार नाही. फक्त तो वेळ स्टडी ग्रुपच्या वेळेत मोजू नका.

सणासुदीला काय करायचं?

सुट्टी. गणपतीत ढोल पथकात असलेला मेंबर महिनाभर आधीपासूनच प्रॅक्टिसला गायब होतो, त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. नवरात्रात कालिकेची यात्रा. रंगपंचमीला तर नाशिकमध्ये विषयच नको, बऱ्याच ठिकाणी लोक धुळवडीलाच रंग खेळून मोकळे होतात आणि आपल्याकडे होळीनंतर पाचव्या दिवशी रहाडी (रंगाने भरलेले जुने हौद) उघडतात, तिवंध्याला नाहीतर शनि चौकात एकदा उडी मारून आलेला माणूस दोन दिवस रंग काढत बसतो. त्या आठवड्याची भेट आधीच कॅलेंडरवरून काढून टाका, म्हणजे रद्द झाल्यासारखं वाटत नाही. ठरवून घेतलेल्या सुट्टीने ग्रुप मोडत नाही, 'आज नको रे उद्या बघू' ने मोडतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी भेटायचं का?

नाही. एक जण विचारतो 'ते अमुक केलंस का' आणि बाकीच्या तिघांची झोप जाते. शेवटची भेट दोन-तीन दिवस आधी, नंतर फोन फक्त हॉल तिकीट सापडत नसेल तर.

ग्रुप चालतोय की नुसता भरतोय हे कसं ओळखायचं?

घरी जाताना वहीत 'हे मला येत नाही' अशी यादी तयार झालीये का बघा. यादी असेल तर चालतोय. भेटीनंतर सगळ्यांना छान छान वाटत असेल, सगळं आल्यासारखं, तर गडबड आहे, बहुतेक सोपेच प्रश्न घेतले गेले. इन-सेमचे मार्क आले की एकदा बसून मोकळेपणाने बघायचं, ग्रुपमध्ये केलेल्या युनिटला जास्त पडले की एकट्याने केलेल्याला. ज्याला एकट्याने केलेल्यात जास्त पडले त्याला जाऊ द्यायचं, राग न धरता. काही लोकांना खरंच एकटंच जमतं.

आमच्यातल्या एकाला बॅक लागलाय (एका विषयात नापास झालाय), आता तो यायला लाजतो. त्याला ठेवायचं का?

ठेवायचं म्हणजे काय, आणायचं. ज्या पेपरला बाकीचे फक्त पास झालेत त्या पेपरमध्ये मार्क नेमके कुठे गेले हे शोधायची संधी त्याच्याकडेच आहे. विद्यापीठाकडे उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, फी भरून अर्ज करायचा, मुदत मात्र निकालानंतर थोडेच दिवस असते, ती कॉलेजच्या एक्झाम सेक्शनमध्ये त्याच दिवशी विचारा. फोटोकॉपी आली की त्याची तयारी असेल तर चौघांनी मिळून बघा, आधी बेरीज बरोबर आहे का, मग कुठे स्टेपचे मार्क दिलेत, कुठे डायग्राम नाही म्हणून गेले, कुठे उत्तर बरोबर असून पण कापलेत. गरज वाटली तर रिव्हॅल्युएशन टाकता येतं, पण ते टाकून निकालाची वाट बघत बसायचं नाही, त्याचा विषय पुढच्या सेमच्या टाइमटेबलमध्ये आठवड्यातली अर्धी भेट म्हणून घ्यायचा. बाकीच्यांचं त्यात रिव्हिजन होतं. आणि पहिल्या भेटीला त्याला मेसेज करू नका, गाडीवर बसून त्याच्या घरी जा आणि घेऊन या.